ज्योतिर्विद वेंकटेश बापूजी केतकर : आकाशाचा हिशेब मांडणारे शिक्षक

नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे छत्तीसगडात येत राहिली. रतनपूर, बिलासपूर, रायपूर येथे ती स्थिरावली. येताना त्यांनी घरातले देव आणले, भाषा आणली आणि पंचांग आणले. रायपूरच्या मराठी घरांत आजही संकष्टीचा चंद्रोदय पाहण्यासाठी पंचांग उघडले जाते. मुंबईसाठी दिलेली वेळ येथे चालत नाही, हेही घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. रायपूर मुंबईच्या पूर्वेस जवळजवळ पावणेनऊ अंश आहे. पृथ्वी एक अंश फिरण्यास चार मिनिटे घेते, म्हणून येथे सूर्य आणि चंद्र सुमारे पस्तीस मिनिटे आधी उगवतात. ही वजाबाकी सोपी आहे. परंतु ज्या मूळ आकड्यातून ती करायची, तो आकडा आकाशाशी जुळणारा असावा यासाठी एका शाळामास्तरांनी आपले आयुष्य वेचले, हे फार थोड्यांना माहीत असते. त्यांचे नाव वेंकटेश बापूजी केतकर.

केतकरांचा जन्म 1854 सालच्या जानेवारी महिन्यात नरगुंद येथे झाला. नरगुंद हे आजच्या कर्नाटकातील गदग जिल्ह्यातले गाव. त्या काळी तेथे भावे घराण्याचे छोटे मराठी संस्थान होते. वेंकटेशांचे वडील बापूशास्त्री हे स्वतः ज्योतिर्गणिताचे जाणकार होते. मुलगा चार वर्षांचा असताना नरगुंदवर मोठे संकट कोसळले. संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी 1858 साली इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. उठाव मोडला गेला, बाबासाहेबांना बेळगावात फाशी झाली आणि संस्थान खालसा झाले. विद्येला मिळणारा राजाश्रय अशा रीतीने संपला. पुढच्या पिढीतील बुद्धिमान तरुणांपुढे इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी हाच मार्ग उरला. वेंकटेशांनीही तोच धरला, पण घरातून आलेली विद्या त्यांनी सोडली नाही.

1874 साली ते मुंबई इलाख्याच्या शाळाखात्यात शिक्षक झाले. पुढे बागलकोट येथील इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. भोवती कन्नड मुलूख, घरात मराठी, ग्रंथांत संस्कृत आणि शाळेत इंग्रजी अशा चार भाषांच्या वस्तीत त्यांचे जीवन गेले. त्यांच्यापाशी वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती, विद्यापीठातील पदही नव्हते. शाळेचे काम संपल्यावर उरणारा वेळ, कागद आणि अंकांवरील असामान्य प्रभुत्व एवढेच त्यांचे भांडवल होते.

ज्या प्रश्नाने त्यांना आयुष्यभर गुंतवून ठेवले तो समजण्यासाठी त्या काळच्या पंचांगाची स्थिती पाहावी लागते. महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून तयार होत. हा ग्रंथ 1520 च्या सुमाराचा. किचकट गणित त्यात इतके सुलभ केले आहे की खेडेगावातील जोशीही पाटीवर ग्रह मांडू शके. मात्र साडेतीनशे वर्षांत लहान लहान चुका साठत गेल्या. पंचांगातील ग्रह एके ठिकाणी आणि आकाशातील ग्रह दुसऱ्या ठिकाणी असे होऊ लागले. प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी 1860 साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध करून ही तफावत उघड केली आणि पाच वर्षांनी नव्या गणिताचे पंचांगही सुरू केले. केतकर शिक्षक झाले तेव्हा हा वाद ऐन रंगात होता.

जुने गणित चुकत होते ते केवळ जुने झाल्यामुळे नव्हे. त्यात एक मूलभूत गोष्ट नव्हती. पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘सिद्धांतशिरोमणी’त लिहून ठेवले होते. पण ही शक्ती सर्वच गोलांच्या अंगी असते आणि तिचे मोजमाप करता येते, हे 1687 साली न्यूटनने दाखविले. त्याचा नियम दोन वाक्यांत सांगता येतो. ज्या गोलात वस्तुमान अधिक, त्याची ओढ त्या प्रमाणात अधिक. आणि दोन गोलांमधील अंतर दुप्पट झाले की ओढ निम्मी न होता एक चतुर्थांश होते, अंतर तिप्पट झाले की एक नवमांश होते.

चंद्राचे उदाहरण घेतले म्हणजे या नियमाचे गांभीर्य कळते. सूर्याचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे 3 लाख 33 हजार पट आहे. चंद्रापासून तो पृथ्वीच्या तुलनेत सुमारे 390 पट दूर आहे. 390 चा वर्ग सुमारे दीड लाख. म्हणजे अंतराने सूर्याची ओढ दीड लाख पटींनी घटते, पण वस्तुमानाने ती सव्वातीन लाख पटींनी वाढलेली असते. हिशेब केला तर चंद्रावर पृथ्वीपेक्षा सूर्याचीच ओढ दुपटीहून थोडी अधिक भरते. तरीही चंद्र पृथ्वीला सोडून जात नाही, कारण सूर्य पृथ्वीलाही जवळजवळ तितक्याच जोराने ओढीत असतो आणि दोघे बरोबरच त्याच्याभोवती फिरतात. चंद्राच्या गतीत फरक पडतो तो या दोन ओढींमध्ये असलेल्या किंचित अंतरामुळे. अमावास्येला चंद्र सूर्याच्या थोडा जवळ असतो, पौर्णिमेला थोडा दूर असतो आणि अष्टमीला बाजूला असतो. त्याप्रमाणे ही लहानशी ओढ कधी त्याला पुढे रेटते, कधी मागे खेचते.

प्रचलित करणग्रंथांत चंद्रासाठी प्रामुख्याने एकच मोठा संस्कार होता. तो ग्रहणांवरून ठरलेला असल्यामुळे अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या वेळा बऱ्याच जुळत. अष्टमीच्या आसपास मात्र चंद्र अडीच अंशांपर्यंत चुकू शके, म्हणजे तिथीच्या वेळेत पाच तासांपर्यंत फरक पडे. परंपरेने तिथीची मर्यादा बाणवृद्धी आणि रसक्षय अशी सांगितली होती. साठ घटिकांच्या मानाने तिथी फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटिका घटते, असा त्याचा अर्थ. प्रत्यक्ष आकाशात ती सुमारे सात घटिका वाढते आणि दहा घटिका घटते. एकादशीचा उपास कोणत्या दिवशी, श्राद्ध कोणत्या दिवशी, असे प्रश्न या फरकावर अवलंबून असल्यामुळे वाद केवळ पंडितांचा राहिला नाही, तो घराघरांत शिरला. नवे गणित मान्य केले तर पूर्वजांची परंपरा मोडते, अशी अनेकांची प्रामाणिक भीती होती.

केतकरांनी या भीतीला जे उत्तर दिले ते ग्रंथरूपाने दिले. युरोपातील वेधांवर आणि गुरुत्वाकर्षणाच्या गणितावर उभी राहिलेली नवी कोष्टके त्यांनी अभ्यासिली आणि त्यांचे सार आपल्या परंपरेच्या साच्यात ओतले. ‘ज्योतिर्गणितम्’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ संस्कृतात आहे. ‘केतकी ग्रहगणितम्’ आणि ‘वैजयंती’ हेही संस्कृतात आहेत. संस्कृत निवडण्यामागे मोठे शहाणपण होते. ज्या जोशी-शास्त्र्यांच्या हातून पंचांगे होत त्यांना इंग्रजी येत नव्हते, पण श्लोकात बांधलेले गणित ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. केतकरांनी त्यांच्या हातातील पाटी काढून घेतली नाही, तिच्यावरील अंक तेवढे बदलले. सूर्याच्या ओढीने चंद्राच्या गतीत पडणारे फरक, गुरू आणि शनी यांच्या परस्पर ओढीमुळे त्यांच्या गतीत होणारे बदल, हे सारे परंपरागत संस्कारांच्या रीतीने मांडले गेले. सर्वसाधारण मराठी वाचकासाठी त्यांनी ‘नक्षत्रविज्ञान’ लिहिले आणि निरनिराळ्या कालगणनांची सांगड घालणारा इंग्रजी ग्रंथ 1923 साली प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला दुसरा विषय अयनांशाचा. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे अतिशय सावकाश डोलतो. त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांमधून दर बहात्तर वर्षांस सुमारे एक अंश मागे सरकतो. याचेही कारण गुरुत्वाकर्षणच. पृथ्वी विषुववृत्तावर किंचित फुगीर आहे आणि त्या फुगवट्याला चंद्र व सूर्य तिरपे ओढतात. येथे एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. संपूर्ण पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे 180 पट आहे, तरीही हा डोल निर्माण करण्यात चंद्राचा वाटा सूर्याच्या दुपटीहून अधिक आहे. कारण येथे पृथ्वीच्या एका बाजूवरील व दुसऱ्या बाजूवरील ओढीतला फरक काम करतो आणि हा फरक अंतराच्या घनाने घटतो. दूरचा महाकाय सूर्य अशा ठिकाणी जवळच्या लहान चंद्रापुढे मागे पडतो. समुद्राच्या भरती-ओहोटीतही चंद्रच थोरला ठरतो, त्याचे कारण हेच.

संपात सरकतो, तर राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा? केरोपंतांनी आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या अनुयायांनी रेवती नक्षत्रातील एक मंद तारा प्रमाण मानला. केतकरांनी तेजस्वी चित्रा ताऱ्याच्या अगदी समोरचा बिंदू आरंभबिंदू मानला. दोन मतांत सुमारे चार अंशांचा फरक होता आणि त्यामुळे काही वर्षी अधिकमासही वेगवेगळे येत. एका बाजूस टिळकांसारखे लोकमान्य, दुसऱ्या बाजूस जिल्ह्याच्या गावातील एक शिक्षक, अशी ही विषम जोडी होती. केतकर आपल्या मतापासून हटले नाहीत. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिने 1955 साली दिलेल्या अहवालात जो अयनांश स्वीकारला तो चित्रापक्षाशी जुळणारा होता. आज देशातील बहुसंख्य पंचांगे त्याच मानाने चालतात. केतकर ते पाहण्यास नव्हते.

जगाच्या ज्योतिर्विज्ञानात केतकरांचे नाव मात्र पंचांगामुळे गेले नाही. ते गेले एका न दिसलेल्या ग्रहामुळे. 1781 साली हर्शेलला युरेनस सापडला, पण काही दशकांतच तो गणिताने ठरविलेल्या वाटेवरून ढळतो असे दिसू लागले. 1822 च्या सुमारापर्यंत तो अपेक्षेहून पुढे धावत होता, नंतर मागे रेंगाळू लागला. बाहेरून कोणी अज्ञात गोल त्याला आधी पुढे आणि मग मागे ओढीत असला पाहिजे, असे अनुमान निघाले. फ्रान्सच्या लव्हेरियेने त्या गोलाची जागा गणिताने काढली आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत गाल्ले यांना तेथून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. विशेष असे की लव्हेरियेने धरलेले अंतर बरेच अधिक होते आणि वस्तुमानही वास्तविकाच्या दुपटीच्या आसपास होते. दूरचा भारी गोल आणि जवळचा हलका गोल सारखीच ओढ देऊ शकतात, म्हणून दोन चुका एकमेकींना सावरून गेल्या आणि दिशा अचूक निघाली.

नेपच्यूनच्या पलीकडे आणखी कोणी आहे काय, हा प्रश्न तेव्हापासून अनेकांनी विचारला. केतकरांनी त्यासाठी निराळी वाट धरली. गुरूच्या आयो, युरोपा आणि गॅनिमीड या चंद्रांच्या गतींत एक विलक्षण प्रमाण आहे. गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार फेऱ्या होतात. परस्परांच्या ओढीने ते या तालात बांधले गेले आहेत. लाप्लासने हा ताल उलगडून दाखविला होता. युरेनस, नेपच्यून आणि त्यांच्यापलीकडील अज्ञात ग्रह अशाच तालात बांधलेले असतील, असे केतकरांनी मानले आणि अंक मांडले. त्यांतून दोन ग्रह निघाले. पहिल्याला त्यांनी ब्रह्मा हे नाव दिले आणि दुसऱ्याला विष्णू. ब्रह्मा सूर्यापासून पृथ्वीच्या 38.95 पट अंतरावर असून 242.28 वर्षांत एक प्रदक्षिणा करतो, असे त्यांचे गणित होते. फ्रान्सच्या ज्योतिर्विज्ञान संस्थेच्या पत्रिकेत 1911 साली हा लेख छापून आला. संस्थानिकाच्या फाशीनंतर राजाश्रय गमावलेल्या गावातील मुलाचा हिशेब अशा प्रकारे पॅरिसला पोहोचला.

एकोणीस वर्षे गेली. 18 फेब्रुवारी 1930 रोजी अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉ या तरुणाला छायाचित्रांची तुलना करताना एक सरकणारा ठिपका आढळला आणि मार्चमध्ये ती वार्ता जाहीर झाली. तोच प्लुटो. त्याचे सरासरी अंतर 39.48 पट आणि प्रदक्षिणाकाल सुमारे 248 वर्षे ठरला. ब्रह्माच्या आकड्यांशी याची जवळीक चकित करणारी आहे. केतकर त्या वेळी शहात्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात त्यांचे देहावसान झाले.

येथे अभिमानाने भारावून जाऊन प्लुटोचा शोध केतकरांनी लावला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण ज्या माणसाने आयुष्यभर आकाशाशी जुळणारा आकडाच खरा मानला त्याचे स्मरण न जुळणाऱ्या विधानाने करणे योग्य नव्हे. केतकरांनी अंतर आणि काल सांगितले. ग्रह आकाशात कोठे शोधावा, हे त्यांनी सांगितले नव्हते. विष्णू तर कधीच सापडला नाही. शिवाय अंतर आणि काल या दोन स्वतंत्र गोष्टीही नव्हेत. केप्लरच्या नियमाप्रमाणे एक ठरले की दुसरे आपोआप ठरते. राहिला वस्तुमानाचा प्रश्न. सूर्याभोवती फिरणारा गोल डोंगराएवढा असो की गुरूएवढा, त्या अंतरावर त्याचा प्रदक्षिणाकाल जवळजवळ तोच असतो. म्हणून केवळ अंतर जाणून ग्रह किती भारी आहे हे कळत नाही. ते कळण्यासाठी त्याने दुसऱ्या कोणाला किती ओढले हे पाहावे लागते.

प्लुटोने दुसऱ्या कोणाला किती ओढले, याचे उत्तर 1978 साली मिळाले. त्या वर्षी प्लुटोचा चंद्र शॅरन सापडला आणि त्याच्या फेऱ्यांवरून प्लुटोचे वस्तुमान काढता आले. ते आपल्या चंद्राच्या सुमारे एक षष्ठांश निघाले. इतका हलका गोल इतक्या अंतरावरून युरेनसला किंवा नेपच्यूनला जाणवण्याइतका ओढूच शकत नाही. युरेनसच्या गतीतील उरलेल्या तफावतींवरून पर्सिव्हल लॉवेल यांनी जो ग्रह शोधायला घेतला होता, तो पृथ्वीच्या सहा-सात पट भारी असायला हवा होता. तसा ग्रह तेथे नव्हताच. 1989 साली व्हॉयेजर-2 यान नेपच्यूनजवळून गेले, नेपच्यूनचे वस्तुमान नेमके कळले आणि त्या तफावतींचा मोठा भाग मुळात वस्तुमानाच्या चुकीतून आला होता असे दिसून आले. लॉवेल यांच्या खुणेजवळ प्लुटो सापडणे हा योगायोग ठरला.

केतकरांच्या आकड्यांबाबतही योगायोगाचा वाटा मान्य करावा लागतो. परंतु त्यांच्या मूळ कल्पनेला पुढील ज्ञानाने एक वेगळा मान दिला. प्लुटो खरोखरच तालात बांधलेला आहे. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लुटोच्या दोन होतात. प्लुटोची कक्षा काही भागात नेपच्यूनच्या कक्षेच्या आत येते, तरी या तालामुळे दोघे कधी जवळ येत नाहीत. हलक्या गोलाला भारी गोलाने दुरूनच सांभाळून धरले आहे. केतकरांनी मानलेला ताल हाच नव्हता, पण बाहेरचे ग्रह एकमेकांच्या ओढीने तालात बांधलेले असू शकतात हे त्यांनी ओळखले होते. 2006 साली प्लुटोची गणना बटुग्रहांत झाली, तरी हा ताल बदललेला नाही.

केतकरांच्या चरित्राकडे शाळेच्या दृष्टीने पाहिले तर त्यातून काही गोष्टी स्पष्ट होतात. ज्ञानाचे केंद्र दूर असल्याची तक्रार त्यांनी केली असती तर ती खरीच ठरली असती. बागलकोटहून बर्लिन दूर होते, पॅरिस दूर होते, पुणे आणि मुंबईही दूरच होती. अंतर वाढले की ओढ झपाट्याने घटते, हा तर निसर्गाचाच नियम. माणसांच्या जगात मात्र त्याला अपवाद घडविता येतो. दूरवरच्या ग्रंथांशी नाते जोडून, भोवतालची भाषा परकी असताना आपल्या भाषेत लिहीत राहून, वर्गात शिकविताना स्वतःचे शिकणे चालू ठेवून केतकरांनी तो घडविला. रायपूरने असे उदाहरण स्वतःही पाहिले आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्रे यांनी याच छत्तीसगडात हिंदी पत्रकारितेचा पाया घातला आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले. आपल्या भाषेत पक्के उभे राहिलेला माणूस दुसऱ्या भाषेलाही काही देऊ शकतो, हे दोघांच्या आयुष्यांतून दिसते.

महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर साठ वर्षे मराठीतून गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्या शाळेचे कार्य याच जातीचे आहे. या शाळेतून गेलेली मुले आज देशोदेशी आहेत. त्यांपैकी कोणाच्या हाती मोठी दुर्बीण असेल, कोणाच्या हाती केवळ कागद असेल. केतकरांच्या हाती कागदच होता. त्यांचे काही आकडे काळाने पुसले, काही राष्ट्राने स्वीकारले. पंचांगात लिहिलेली वेळ होते आणि पूर्वेला चंद्र खरोखर वर येतो, तेव्हा त्या शिक्षकाचा हिशेब आजही जुळतो.